मान, गुण आणि मोल : सर्वोत्तम खेळाडू कोण, हे कोण ठरवतं?

तत्त्वज्ञानाच्या माणसानं खेळावर बोलावं याचं काही जणांना नवल वाटलं असेल. पण ‘सर्वोत्तम कोण?’ हा प्रश्न मुळात आमच्याच विषयातला आहे. ‘उत्तम’ म्हणजे काय, ते ओळखायचं कशावरून आणि ते ठरवण्याचा अधिकार कुणाचा, या तीन प्रश्नांवर तत्त्वज्ञानात अडीच हजार वर्षं खल चाललेला आहे. खेळाच्या मैदानात याच प्रश्नांची उत्तरं दर वर्षी, जाहीरपणे, हजारो लोकांसमोर द्यावी लागतात. म्हणून खेळातले सन्मान तपासले की त्या त्या काळाचं मन हाती लागतं. आज आपण हेच करून बघणार आहोत.

अमेरिकेतल्या बास्केटबॉलमध्ये दर हंगामाला एका खेळाडूला ‘मोस्ट व्हॅल्युएबल प्लेअर’ म्हणून निवडतात. याचं मराठी काय करायचं? ‘सर्वांत मौल्यवान खेळाडू’ असं वर्तमानपत्रं लिहितात. पण आपल्या भाषेची सवय बघा. आपण ‘मानाची गदा’ म्हणतो, ‘मानाची कुस्ती’ म्हणतो, कबड्डीच्या स्पर्धेत ‘दिवसाचा मानकरी’ निवडतो. तिकडं मोल आहे, इकडं मान आहे. मान आणि मोल यांच्या मध्ये आणखी एक शब्द आहे, तो म्हणजे गुण. गुण या शब्दाची गंमत अशी की त्याचा अर्थ अंगचा चांगुलपणाही होतो आणि फलकावरचा आकडाही होतो. मान, गुण आणि मोल या तीन शब्दांच्या आधारानं आजचं बोलणं पुढं नेऊ.

तुलनेविना मान

सुरुवात आपल्या तालुक्यापासून करू. तुकाराम महाराजांची पालखी आली की बेलवाडीला गोल रिंगण होतं, मग इंदापुरातही होतं. अश्व धावतो, लोक त्याच्या टापांखालची माती कपाळाला लावतात. आता विचार करा, गेल्या वर्षीपेक्षा अश्व किती सेकंदांनी जोरात पळाला हे कुणी मोजलं आहे का? हा प्रश्नच कुणाला सुचत नाही. त्या अश्वाला मान आहे, पण तो दुसऱ्या कुणाला हरवून मिळालेला नाही. त्याचं स्थान त्याला मान देतं.

मानाचं हे सगळ्यांत जुनं रूप आहे. ते परंपरेनं ठरतं, त्यात स्पर्धा नसते. पहिलं नारळ कुणाच्या हातानं फुटायचं, कुणाच्या घरची काठी पुढं चालायची, हे सगळं त्यातलंच. त्यात एक स्थैर्य आहे आणि एक मोठा अन्यायही आहे, कारण असा मान बहुतेक वेळा जन्मानं मिळतो, कर्तबगारीनं नाही.

मातीची साक्ष

याच गावगाड्यात, त्याच जत्रेत, आखाडा मात्र वेगळ्या नियमानं चालतो. दुपारी हलगी वाजायला लागते. आधी लहान पोरांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्या. मग नारळावरच्या. मग शंभराच्या, पाचशेच्या, हजाराच्या. दिवस कलता कलता शेवटची, मानाची कुस्ती. इथं मान कमवावा लागतो. आणि तो कमावला की नाही, हे ठरवायला मोठा जाणकार लागत नाही. पाठ मातीला लागली की कुस्ती झाली. म्हातारा बघतो, पोरगं बघतं, झाडावर चढून बसलेला बघतो, आणि सगळ्यांना एकच दिसतं.

आमच्या न्यायदर्शनात ज्ञानाची चार प्रमाणं मानली आहेत : प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. चितपट कुस्ती म्हणजे प्रत्यक्ष प्रमाण. म्हणून ‘निकाली कुस्ती’ या शब्दाला आपल्याकडं एवढं वजन आहे. निकाल पंच देत नाही, माती देते. पंच फक्त तो जाहीर करतो.

या काळाचा आश्रयदाता कोण? राजा. राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात मल्लांना आश्रय दिला, तालमींना बळ दिलं, आणि १९१२ साली खासबाग मैदान उभं राहिलं. मैदानाची रचना अशी की मधला हौदा उंच आणि प्रेक्षक चहूबाजूंनी बसलेले, म्हणजे कुठूनही पाठ लागलेली दिसावी. आखाड्याची ही बांधणीच सांगते की इथं बघणारा प्रत्येक जण साक्षीदार आहे. या काळात सर्वोत्तम कोण? जो सगळ्यांच्या देखत पाडतो तो. बक्षीस काय? फेटा, चांदीचं कडं, खुराकाची सोय, आणि सर्वांत मोठं म्हणजे नाव.

राज्याची गदा

मग राजे गेले. आता मान कोण देणार? संस्था. १९५३ साली मामासाहेब मोहोळ यांनी महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर परिषद स्थापन केली. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झालं, आणि पुढच्याच वर्षी, १९६१ ला, औरंगाबादला दिनकर दह्यारी पहिले ‘महाराष्ट्र केसरी’ झाले. हा योगायोग नीट बघण्यासारखा आहे. नव्या राज्याला नकाशा हवा असतो, भाषा हवी असते, तसा एक सिंहही हवा असतो. ‘हिंद केसरी’ हा किताब त्याआधी सुरू झालेला होता. श्रीपती खंचनाळे १९५९ ला आणि गणपतराव आंदळकर १९६० ला हिंद केसरी झाले. म्हणजे देश आणि राज्य दोघांनीही आपापले केसरी निवडले. आता पैलवान एका संस्थानाचा राहिला नाही. तो जिल्ह्याचा झाला आणि जिंकला की राज्याचा झाला.

इथं सन्मानानं काय दाखवलं हे आपण पाहिलं. त्यानं काय झाकलं, तेही पाहू. प्रत्येक सन्मान दिव्यासारखा असतो. जिथं उजेड पडतो तिथं झगमगाट, आणि बाजूला तेवढीच गडद सावली.

महाराष्ट्र केसरीचा गट हा वजनदारांचा, आजच्या हिशेबानं ८६ किलोच्या पुढचा. आता खाशाबा जाधवांकडं बघा. कराडजवळच्या गोळेश्वरचा हा पैलवान. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये त्यानं कांस्यपदक मिळवलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. गट होता बँटमवेट, म्हणजे ५७ किलोचा. खाशाबा आजच्या काळात असते, तर महाराष्ट्राचा सर्वांत मोठा किताब त्यांच्या आवाक्यातच आला नसता. त्यांनी त्या गटात पाऊलच ठेवलं नसतं. आपल्या काळातलं उदाहरण राहुल आवारेचं. बीड जिल्ह्यातला हा मल्ल २०१८ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत ५७ किलोत सुवर्ण घेऊन आला, २०१९ ला जागतिक स्पर्धेत ६१ किलोत कांस्य घेऊन आला. जगात तिसरा, पण ‘केसरी’ नाही. कारण केसरी ही कल्पनाच धिप्पाड देहाची आहे. किताबाच्या नावातच एक देह दडलेला आहे.

खाशाबांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट. अर्जुन पुरस्कार सुरूच झाला १९६१ साली, त्यांच्या पदकानंतर नऊ वर्षांनी. खाशाबा १९८४ ला अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला तो मरणोत्तर, २००० सालचा. पराक्रम आधी घडतो आणि त्याला मोजायचं माप नंतर तयार होतं, तेव्हा असं होतं. माप तयार झालं तरी मागं वळून बघायला आपल्याला चाळीस वर्षं लागली.

तिसरी सावली सर्वांत मोठी. पुरुषांचा महाराष्ट्र केसरी १९६१ ला सुरू झाला. महिलांची महाराष्ट्र केसरी स्पर्धा पहिल्यांदा झाली मार्च २०२३ ला, सांगलीत, आणि प्रतीक्षा बागडी ही पहिली मानकरी. मधली बासष्ट वर्षं महाराष्ट्रात ताकदवान मुली नव्हत्या का? होत्या. पण त्यांच्याकडं बघायला आखाडाच मांडलेला नव्हता.

माती ते गादी

आता गुणांकडं वळू. आज महाराष्ट्र केसरीत दोन विभाग असतात, माती आणि गादी. दोन्हीकडचे विजेते शेवटी एकमेकांशी लढतात. मॅटला आपल्या लोकांनी ‘गादी’ हा शब्द किती सहज दिला बघा. पण माती ते गादी हा बदल फक्त अंगाखालच्या पृष्ठभागाचा नाही. ज्ञान कसं मिळतं, तेच यात बदललं.

मातीवर कुस्ती निकाल लागेपर्यंत चालायची. कधी तास तास चालायची, नाहीतर बरोबरीत सोडवायची. गादीवर तीन तीन मिनिटांचे दोन भाग. डावाला दोन गुण, चार गुण, आणि दहा गुणांची आघाडी झाली की तिथंच कुस्ती थांबते. आता पाठ न लावताही जिंकता येतं. मग जिंकलं कोण, हे कसं कळतं? फलकावरून. फलकावर आकडा कुणी टाकला? पंचांनी. म्हणजे प्रत्यक्ष प्रमाणाच्या जागी शब्दप्रमाण आलं. जाणकारानं सांगितलं म्हणून आपण मानायचं.

शब्दप्रमाणाची अट न्यायशास्त्रात स्पष्ट आहे. सांगणारा ‘आप्त’ हवा, म्हणजे विषय जाणणारा आणि खरं बोलणारा. ऐकणाऱ्याचा त्याच्यावर विश्वास हवा. हा विश्वास डळमळला की काय होतं ते आपण पाहिलेलं आहे. जानेवारी २०२३ मध्ये पुण्याच्या स्पर्धेत माती विभागातल्या एका लढतीत एका डावाला चार गुण दिले. ते द्यायला हवे होते की नाही, यावर महाराष्ट्र कित्येक दिवस भांडत होता. चहाच्या टपरीवर मोबाईलमध्ये तोच तुकडा हळू गतीनं पुन्हा पुन्हा बघितला जात होता. पंच बरोबर होते की चूक, त्यात आपल्याला आज जायचं नाही. आपल्याला एवढंच बघायचं आहे की हळू गतीची चित्रफीत बघणारा माणूस काय मागत होता. तो प्रत्यक्ष प्रमाण मागत होता. ‘माझ्या डोळ्यांनी दिसू दे, मग मानतो.’ मातीचा प्रेक्षक गादीवर आला, पण त्याची ज्ञानमीमांसा मातीचीच राहिली.

त्याच स्पर्धेत विजेत्याला थार गाडी आणि उपविजेत्याला ट्रॅक्टर मिळाला. रेवडी, नारळ, कडं, गदा आणि आता थार. गदा अजून आहे, खांद्यावर घेऊन फोटोही निघतो, पण बातमीचा मथळा गाडीचा असतो. आणि घरच्यांना विचाराल तर त्यांना गाडीपेक्षा नोकरी मोलाची वाटते. नरसिंग यादव २०११ पासून सलग तीन वेळा महाराष्ट्र केसरी झाला, विजय चौधरी २०१४ पासून सलग तीन वेळा झाला. दोघांनाही राज्य सरकारनं पोलीस उपअधीक्षकाचं पद दिलं. राजाश्रयाचं हे आजचं रूप. तेव्हा दरबारात जागा मिळायची, आता खात्यात मिळते.

मत कुणाचं?

आता थोडं लांब जाऊ. अॅरिस्टॉटलनं मानाविषयी एक मार्मिक निरीक्षण केलं आहे. त्याचा आशय असा की मान घेणाऱ्यापेक्षा देणाऱ्यावर जास्त अवलंबून असतो, म्हणून तो जीवनाचं अंतिम ध्येय होऊ शकत नाही. हे पटवून घ्यायला अमेरिकेतल्या बास्केटबॉलइतकं चांगलं उदाहरण नाही.

एनबीए या संघटनेत ‘सर्वांत मौल्यवान’ खेळाडू निवडायची पद्धत १९५५–५६ च्या हंगामात सुरू झाली. पहिली पंचवीस वर्षं मत द्यायचे खुद्द खेळाडू. १९६१–६२ च्या हंगामात विल्ट चेंबरलेन या धिप्पाड खेळाडूनं सामन्यामागं सरासरी ५०.४ गुण केले. असा आकडा त्याआधी झाला नव्हता, पुढंही झाला नाही. एका सामन्यात तर त्यानं एकट्यानं शंभर गुण केले. ऑस्कर रॉबर्टसन या दुसऱ्या खेळाडूनं त्याच हंगामात गुण, पास आणि परतलेला चेंडू पकडणं या तिन्ही गोष्टींत दोन आकडी सरासरी राखली. तरीही खेळाडूंनी मत दिलं बिल रसेलला. त्याची गुणांची सरासरी एकोणीसच्या आतबाहेर.

हे वेडेपण होतं का? रसेलचं कौशल्य होतं समोरच्याचा फटका हवेतच अडवणं. आणि अशा अडवलेल्या फटक्यांची अधिकृत नोंद त्या काळी ठेवलीच जात नव्हती. ती सुरू झाली १९७३–७४ पासून, तोवर रसेल निवृत्त झाला होता. म्हणजे तो जे सर्वांत चांगलं करत होता ते वहीत लिहायला रकानाच नव्हता. पण ज्यांचे फटके अडत होते त्यांना वहीची गरज नव्हती. त्यांनी ते अंगावर अनुभवलं होतं. म्हणून त्यांनी मत दिलं. रसेलच्या संघानं तेरा हंगामांत अकरा वेळा विजेतेपद मिळवलं, हेही त्यांना दिसत होतंच.

१९८०–८१ पासून मताचा अधिकार पत्रकार आणि समालोचकांकडं गेला. १९६० ते १९८० या एकवीस वर्षांत हा मान, रॉबर्टसनचा एक अपवाद सोडला तर, प्रत्येक वेळी टोपलीखाली उभ्या राहणाऱ्या उंच ‘सेंटर’ खेळाडूलाच मिळाला होता. पत्रकारांनी मत दिलं त्या पहिल्याच वर्षी तो ज्युलियस अर्व्हिंगला मिळाला. तो सेंटर नव्हता. तो हवेत तरंगत जाऊन चेंडू टाकायचा आणि लोक बघत राहायचे. एका वर्षावरून सिद्धान्त बांधू नये हे खरं, पण एवढं नक्की की आता मत देणारा मैदानावर धक्के खाणारा नव्हता, तर बघणारा आणि बघितलेलं सांगणारा होता. साहजिकच सांगण्याजोगं जे असतं त्याची किंमत वाढली.

मग आकडेवारीचं युग आलं. २०१६–१७ ला रसेल वेस्टब्रुकनं तिन्ही गोष्टींत दोन आकडी सरासरी राखली, जी रॉबर्टसननं पंचावन्न वर्षांपूर्वी राखली होती. या वेळी मात्र तो मौल्यवान ठरला. पराक्रम तोच होता, पण वाचणाऱ्यांची वही बदलली होती. आणि २०१९ ते २०२५ या सलग सात वर्षांत हा मान ग्रीस, सर्बिया, कॅमेरून आणि कॅनडात जन्मलेल्या खेळाडूंना मिळाला. खेळ अमेरिकेचा, मान जगाचा. जागतिकीकरण काय असतं यावर एखादं जाडं पुस्तक वाचण्यापेक्षा ही सात वर्षांची यादी वाचावी.

हुतूतू आणि जिवंत होणं

आता परत आपल्या मातीत येऊ. कबड्डीला आपण पूर्वी हुतूतू म्हणायचो. जुन्या काळी तिचे तीन प्रकार खेळले जात : गामिनी, संजीवनी आणि अमर. गामिनीत बाद झालेला गडी संपूर्ण संघ बाद होईपर्यंत बाहेरच बसायचा. संजीवनीत समोरचा एक गडी बाद केला की आपला एक गडी जिवंत होऊन आत यायचा. अमरमध्ये कुणी बाहेर जायचंच नाही, फक्त गुण मोजायचे.

एका खेळाचे हे तीन नियम म्हणजे मूल्याचे तीन सिद्धान्त आहेत. गामिनीत मौल्यवान कोण? जो टिकतो तो. संजीवनीत मौल्यवान कोण? जो बाहेर बसलेल्या आपल्या माणसाला परत आत आणतो तो. आणि अमरमध्ये? ज्याच्या नावावर आकडा मोठा तो. गडी तोच, अंगातली रग तीच. नियम बदलला की त्याच गड्याची किंमत बदलते. पुढं संजीवनीचा नियम सर्वमान्य झाला आणि आजची कबड्डी तीच आहे. आपल्या लोकांनी तीनांतून नेमकी जिवंत करणारी पद्धत निवडली, याचं आम्हाला फार अप्रूप वाटतं.

२०१४ ला प्रो कबड्डी लीग सुरू झाली. तीस सेकंदांची चढाई, दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरी ‘करो या मरो’, तीन किंवा कमी गडी उरले असताना पकड केली तर जादा गुण. हे नियम दूरचित्रवाणीच्या पडद्याला साजेसे आहेत. कंटाळा येऊ द्यायचा नाही, हा या काळाचा पहिला दंडक. आणि खेळाडू येतो तो लिलावातून. लिलाव हा शब्द आपल्याला बाजार समितीतला ठाऊक आहे. डाळिंबाच्या क्रेटसमोर उभं राहून आडत्या बोली लावतो तोच. इथं ‘मोल’ शब्दशः येतं, रुपयांत.

पण मोल आणि मूल्य एक नाही, हे याच लीगनं एकदा फार चांगलं शिकवलं. २०२२ च्या हंगामात तमिळ थलैवाज संघानं पवन सेहरावत या चढाईपटूला २ कोटी २६ लाखांना घेतलं. त्या लिलावातला तो सर्वांत महागडा गडी. पहिल्याच सामन्यात त्याला दुखापत झाली आणि त्याचा हंगाम संपला. संघ कोसळायला हवा होता. उलट त्याच हंगामात तो संघ इतिहासात पहिल्यांदा उपान्त्य फेरीत गेला. यात पवनचा काही दोष नाही, तो मोठाच खेळाडू आहे. पण सगळा भार एकावर टाकून बसलेल्या सात जणांना, तो एक गेल्यावर, आपापलं मूल्य सापडलं.

दुसरं उदाहरण आपल्या शेजारचं. मार्च २०२४ ला पुणेरी पलटण पहिल्यांदा विजेती झाली. त्या हंगामात सर्वोत्तम चढाईपटूचा मान दिल्लीच्या आशू मलिकला मिळाला. आणि सर्वांत मौल्यवान खेळाडू ठरला पलटणचा कर्णधार अस्लम इनामदार, आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यातला. सर्वांत जास्त गुण घेणारा आणि सर्वांत मौल्यवान, हे दोन वेगळे असू शकतात, हे लिलावाच्या या युगानंही मान्य केलं. संजीवनीचं तत्त्व कुठंतरी अजून शिल्लक आहे म्हणायचं.

उतारा कुणाचा?

तरी एक कोडं उरतंच. खेळ संघाचा असेल, तर एकट्याचं मूल्य वेगळं काढायचं कसं? हे कोडं इंदापूर-बारामतीच्या शेतकऱ्याला परकं नाही. भवानीनगर असो की माळेगाव, उसाला दर मिळतो तो टनावर, आणि तो दर कारखान्याच्या सरासरी साखर उताऱ्याशी जोडलेला असतो. तुमच्या रानातला ऊस साखरेनं ठासून भरलेला असेल आणि शेजाऱ्याचा पाणचट असेल, तरी दोघांची मोळी एकाच गव्हाणीत पडते आणि दर एकच निघतो. चांगला ऊस पिकवणाऱ्याला वाटतं की माझ्यावर अन्याय झाला. पण एकट्याच्या उसावर कारखाना चालत नाही, हेही तितकंच खरं. रस एकदा मिसळला की त्यातला तुमचा थेंब कोणता, हे सांगता येत नाही.

संघातल्या खेळाडूचंही तसंच आहे. पकड करणाऱ्यानं गुण घेतला, पण चढाई करणाऱ्याला कोपऱ्याकडं ढकलत नेणाऱ्या दुसऱ्या गड्याचं नाव कुठं लिहायचं? म्हणून ‘सर्वांत मौल्यवान’ हा निवाडा पूर्ण खरा कधीच नसतो. तो एक उपयोगी करार असतो. आणि करार म्हटला की त्याच्या अटी आपण वाचल्या पाहिजेत.

जुनं ते सोनं?

इथवर ऐकून कुणाला वाटेल की आम्ही म्हणतो आहोत, जुना मान चांगला आणि नवं मोल वाईट. तसं मुळीच नाही. जुन्या मानात जन्माचा वाटा मोठा होता, बाई आखाड्याच्या आसपास फिरकू शकत नव्हती, आणि राजाची मर्जी फिरली तर पैलवानाचा खुराक बंद व्हायचा. गुणांनी हे पुष्कळ अंशी मोडलं. वजनगट आले म्हणून बारीक अंगाच्या पोराला जगात जाता आलं. पैसा आला म्हणून कबड्डी खेळणाऱ्या मुलाच्या आईला ‘यातून पोट भरणार आहे का?’ या प्रश्नाचं उत्तर मिळालं. मोल ही तुच्छ गोष्ट नाही. ज्याच्या घरी चूल अडलेली आहे, त्याला मान-मोलाचं तत्त्वज्ञान सांगणं हा क्रूरपणा आहे.

धोका वेगळाच आहे. काळ जे मोजतो तेवढंच खरं, असं पोरांना वाटू लागणं हा तो धोका. आपल्या तालुक्यात आजही पहाटे चारला उठून जोर-बैठका मारणारी पोरं आहेत. दूध, बदाम, तूप यांचा खर्च भागवताना बापाच्या उसाच्या बिलातलं किती जातं, ते त्यांना आणि त्यांच्या घरालाच ठाऊक. त्यांतला केसरी एक होणार, तोही झाला तर. मग बाकीच्यांचं काय? त्यांनी दहा वर्षं वाया घालवली का? आपण फक्त गदाच मोजत असू, तर उत्तर ‘हो’ असं येतं. आणि हे ‘हो’ त्या पोराच्या मनात उतरलं की त्याचं काय होतं, हे वस्तादांना विचारा. कुणी वजन उतरवायला भलते उपाय करतो, कुणी ताकदीसाठी भलतं इंजेक्शन घेतो, कुणी तालीम सुटल्यावर तोंड चुकवत फिरतो. सन्मानाची चुकीची समजूत अशी थेट शरीरावर येते. म्हणून हा विषय केवळ चर्चेचा नाही.

मग आपण करायचं काय? आपण तर एनबीएचे मतदार नाही, लीगचे मालक नाही. पण आपण शाळेच्या स्पर्धेत बक्षीस देणारे आहोत, जत्रेच्या कमिटीत आहोत, गणेश मंडळात आहोत, आणि घरी नातवंडांचं कौतुक करणारे आहोत. म्हणजे रोज कुणाला ना कुणाला आपण ‘मौल्यवान’ ठरवतच असतो. तेव्हा दोन साध्या गोष्टी कराव्यात. पहिली : बक्षीस देताना ते कशाबद्दल, हे मोठ्यानं सांगावं. नुसतं ‘उत्कृष्ट खेळाडू’ म्हणून नाव पुकारू नये. ‘यानं शेवटच्या पाच मिनिटांत तीन गडी जिवंत केले, म्हणून’ असं म्हणावं. निकष उघड झाला की त्याच्याशी भांडता येतं, आणि ज्याच्याशी भांडता येतं तोच निकष सुधारतो. दुसरी : वहीत एक रकाना वाढवावा. रसेलच्या काळी जो नव्हता तसा. आपल्या गावच्या स्पर्धेत आज आपण काय मोजत नाही आहोत, हे दर वर्षी एकदा विचारावं. मुलींचे सामने मोजतो का? हलक्या वजनाची कुस्ती दुपारच्या उन्हात उरकून टाकतो का? चढाई करणाऱ्याला कप देतो आणि साखळी धरणाऱ्याला विसरतो का?

सर्वोत्तम कोण, याचं कायमचं उत्तर कुठल्याच काळाकडं नव्हतं आणि आपल्याकडंही नाही. पण आपण कुणाला सर्वोत्तम म्हटलं, यावरून पुढची पिढी आपल्याला ओळखणार आहे. १९६१ च्या माणसांना आपण त्यांच्या गदेवरून ओळखतो, तसंच. तेव्हा पुढच्या जत्रेत नाव पुकारायला माईक हातात येईल, तेव्हा घाई करू नका. क्षणभर थांबा, कशाबद्दल ते मनाशी ठरवा, आणि मग पुकारा.